अणुबॉम्बची गुपितं ठेवलेली कपाटं उघडणारा फाईनमन, त्याच्या खिशात हत्यारं किती होती?

ऑनलाईन शॉपिंगच्या साईटवर जाऊन कुलूप उघडण्याच्या छंदाचं सामान शोधलं तर डोळे पांढरे होतात. वीस तुकड्यांचा सेट, तीस तुकड्यांचा सेट, सोबत चामड्याचं पाकीट, शिवाय आतलं सगळं दिसेल असं पारदर्शक कुलूप. नवीन गडी हमखास मोठा सेट उचलतो, आणि सहा महिन्यांनी त्यातल्या दोनच काड्या झिजलेल्या असतात. बाकीच्या अजून चकचकीत.

मग खरंच लागतात किती?

याचं उत्तर देणारा एक माणूस होऊन गेला. कुलपं उघडणं हा काही त्याचा धंदा नव्हता. धंदा होता भौतिकशास्त्राचा, आणि त्यात त्याला नोबेल मिळालं. ओपनहायमर पिक्चरमध्ये बोंगो वाजवणारा एक तरुण पोरगा दिसतो बघा, तोच. रिचर्ड फाईनमन.

फाईनमनचा जन्म ११ मे १९१८ चा, न्यूयॉर्कचा. घर फार रॉकअवे या समुद्राकाठच्या भागात. शाळेत असतानाच याने घरात स्वतःची प्रयोगशाळा थाटली होती. गल्लीत कुणाचा रेडिओ बिघडला की लोक या पोराला बोलवायचे. बंद पडलेली वस्तू दिसली की ती आतून कशी चालते हे कळेपर्यंत याला चैन पडायची नाही. पुढे एमआयटी झालं आणि १९४२ साली प्रिन्स्टनची पीएचडी झाली.

त्याच वर्षी त्याने लग्न केलं. मुलीचं नाव आर्लीन, शाळेपासूनची ओळख. तिला क्षयरोग झाला होता, आणि तेव्हा क्षयावर नेमकं औषध नव्हतं. घरच्यांचा लग्नाला विरोध होता, कारण उघड होतं. या दोघांनी स्टेटन आयलंडला जाऊन गुपचूप सही-शिक्क्याचं लग्न उरकलं. संसर्गाच्या भीतीने नवऱ्याने नवरीच्या गालावरच ओठ टेकवले, आणि तिथून तिला थेट हॉस्पिटलमध्ये पोहोचवलं.

१९४३ मध्ये फाईनमन लॉस अलामोसला गेला. न्यू मेक्सिकोच्या उजाड पठारावर अमेरिकेने अणुबॉम्ब बनवायला एक अख्खं गुप्त गाव वसवलं होतं. चारही बाजूंनी तारेचं कुंपण, गेटवर पहारा, पत्रं फोडून वाचणारे सेन्सॉरवाले. आर्लीनला तिथून साधारण दीडशे किलोमीटरवर, अल्बुकर्कीच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं होतं. आठवडाभर हा बॉम्बची गणितं करायचा आणि सुट्टी लागली की येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत तिच्याकडे जायचा.

उरलेल्या वेळात करायचं काय? गावात करमणुकीचं फारसं काही नव्हतं. मग गड्याने सुरक्षा व्यवस्थेतली भोकं शोधायचा उद्योग सुरू केला.

पहिलं भोक अगदी खरोखरचं भोक होतं. कुंपणाला कामगारांनी येण्याजाण्यासाठी फट पाडली होती. फाईनमन गेटमधून बाहेर पडायचा, वळसा घालून त्या फटीतून आत यायचा आणि पुन्हा गेटमधून बाहेर पडायचा. पहारेकऱ्याच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला की हा माणूस नुसता बाहेरच चाललाय, आत कधी येतोय? बक्षीस म्हणून याला तुरुंगात टाकायची भाषा झाली.

नंतर मोर्चा वळला कपाटांकडे.

बॉम्बची कागदपत्रं सुरुवातीला साध्या फाईलच्या कपाटांत ठेवायचे. कप्प्यांच्या पुढून एक लोखंडी सळई खाली सोडायची आणि तिला कुलूप घालायचं, इतकाच बंदोबस्त. ही कुलपं उघडायची कला फाईनमनला लिओ लव्हाटेली नावाच्या सहकाऱ्याने शिकवली. आता ती कला नक्की काय हे समजून घेऊ, कारण हत्यारं किती लागतात याचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

तुमच्या दाराला जे लॅच असतं, त्याच्या आत पितळेचा एक गोल दांडा असतो. किल्ली घालून आपण फिरवतो तो हाच. या दांड्यात वरून पाच-सहा बारीक खिळे उतरलेले असतात. प्रत्येक खिळा दोन तुकड्यांचा, आणि डोक्यावर स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा वरचा तुकडा अर्धा बाहेर आणि अर्धा दांड्यात अडकलेला असतो, म्हणून दांडा फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की तिचे दाते प्रत्येक खिळा नेमका इतकाच उचलतात की दोन तुकड्यांमधला जोड दांड्याच्या कडेवर येतो. सगळे जोड एका रेषेत आले की दांडा फिरतो.

म्हणजे किल्ली नसेल तर सगळे खिळे एकाच वेळी नेमक्या उंचीवर धरायला हवेत. ते दोन हातांनी जमणार नाही असं वाटतं ना? इथेच कारखानदाराची अडचण आपल्या कामी येते. कितीही काटेकोर यंत्र वापरा, ती भोकं शंभर टक्के एका ओळीत पडत नाहीत. केसाएवढा फरक राहतोच. त्यामुळे दांड्यावर हलकासा ताण दिला की सगळे खिळे सारखे अडकत नाहीत, आधी एकच अडकतो. तो वर ढकलला की टिक् करून बसतो आणि दांडा तसूभर फिरतो. मग दुसरा अडकतो, मग तिसरा. एकेक करत सगळे बसतात.

म्हणून हत्यारं दोन. ताण द्यायला एक, खिळे उचलायला एक. फाईनमनकडे ताणासाठी छोटा स्क्रूड्रायव्हर होता आणि उचलायला टोकाशी उंचवटा आणलेला पेपरक्लिप. ऑफिसातल्या टेबलावर पडलेलं सामान. खरी मेहनत ताण किती द्यायचा हे बोटांना कळण्यात असते, कारण जास्त झाला की सगळे खिळे जाम होतात आणि कमी झाला की बसलेले खाली पडतात. तीस तुकड्यांचा सेट घेऊन हे येत नाही. (जाता जाता सांगून ठेवतो, जगभरातले हे छंदवाले एक नियम पाळतात: कुलूप स्वतःचं हवं, आणि रोजच्या वापरातलं नको. पेपरक्लिप घेऊन शेजाऱ्यांच्या दाराशी जाऊ नका.)

गंमत अशी की फाईनमनला ही दोन हत्यारंही बरेचदा लागत नव्हती. त्या कपाटांच्या तळाशी भोक असायचं. कपाट मागे कलंडवलं आणि खालून हात घातला की कागद हातात यायचे. मीटिंगमध्ये तो उभा राहून सांगायचा की आपली गुपितं अशा कपाटांत ठेवणं धोक्याचं आहे. एकदा एडवर्ड टेलर, तोच पुढे हायड्रोजन बॉम्बसाठी नाव झालेला, म्हणाला की माझे कागद टेबलाच्या खणात असतात, ते बरे ना? फाईनमन मीटिंगमधून सटकला, टेलरच्या टेबलाखाली शिरला आणि खणाच्या मागच्या फटीतून एकेक करत सगळे कागद ओढून काढले. खण रिकामा! नंतर साळसूदपणे टेलरला म्हणाला, दाखव बरं तुझा खण. टेलरने तो उघडला आणि क्षणात सगळा प्रकार ओळखला. हुशार माणसाची गंमत करण्यात हाच तोटा असतो, अशी तक्रार फाईनमन पुढे करायचा. त्याचा गोंधळलेला चेहरा बघायला पुरेसा वेळच मिळत नाही.

शेवटी वरिष्ठांनी नवी कपाटं मागवली. या कपाटांना किल्लीच नव्हती. पुढे ० ते ९९ आकड्यांची चकती, आणि तीन आकडे बरोबर क्रमाने लावले तरच कपाट उघडणार. आता पेपरक्लिप घालायचा कुठे? भोकच नाही.

फाईनमनने चोपडी पुस्तकं वाचून काढली. तिजोऱ्या फोडणाऱ्यांनी लिहिलेली, फुशारक्यांनी भरलेली. त्यातून फार काही हाताला लागलं नाही. मग त्याने आपल्या ऑफिसातलं कपाट घेतलं आणि एखादा कण कसा वागतो हे बघावं तसं ते बघायला लागला.

हिशोब करून बघा. प्रत्येक जागी १०० आकडे, तीन जागा, म्हणजे दहा लाख शक्यता. माणूस म्हातारा होईल. पण फाईनमनला खेळता खेळता कळलं की कुलूप इतकं काटेकोर नाही. खरा आकडा ३२ असेल तर ३० ते ३४ मधलं काहीही चालतं. म्हणजे दर पाचातला एकच आकडा बघायचा. शंभराचे झाले वीस. वीस गुणिले वीस गुणिले वीस, ८०००. दहा लाखांवरून आठ हजारांवर, आणि अजून खिशातून काहीही बाहेर काढलेलं नाही.

पुढे त्याने सराव केला. एक आकडा धरून उरलेल्या दोन आकड्यांच्या ४०० जोड्या तो अर्ध्या तासापेक्षाही कमी वेळात तपासायला लागला. म्हणजे कुठलंही कपाट जास्तीत जास्त आठ तासांत. तरी बोंब होतीच, कारण आठ तास दुसऱ्याच्या ऑफिसात चकती फिरवत कोण बसू देणार?

आणि मग त्याला खरी मेख सापडली. कपाट उघडं असताना चकती हलवून बघितली तर शेवटचे दोन आकडे हातानेच कळतात. आतला बोल्ट कधी वर येतो, कधी खाली पडतो, यावरून. लोक दिवसभर कपाट उघडंच ठेवायचे. फाईनमन गप्पा मारायला त्यांच्याकडे जायचा, बोलता बोलता कपाटाला टेकायचा, आणि बोटं मागे चकतीशी चाळा करत राहायची. समोरच्याला वाटायचं, गडी चुळबुळ्या आहे. परत आपल्या खोलीत आला की ते दोन आकडे एका चिठ्ठीवर लिहून लपवून ठेवायचा. पहिला आकडा माहीत नसेना का, त्याच्या तर वीसच शक्यता.

असं करत त्याने जवळपास सगळ्यांची यादी जमवली.

मग व्हायचं असं की, कुणीतरी बाहेरगावी गेलेला असायचा आणि त्याच्या कपाटातला कागद तातडीने हवा असायचा. लोक फाईनमनकडे धावायचे. हा गंभीर चेहऱ्याने सांगायचा की बघतो, पण आधी माझी हत्यारं घेऊन येतो. खोलीत जायचा, चिठ्ठीवरचे दोन आकडे बघायचा, आणि मागच्या खिशात एक स्क्रूड्रायव्हर खोचायचा. हत्यारं आणतो म्हटलंय, तर काहीतरी दिसायला नको का? त्या स्क्रूड्रायव्हरचं काम इतकंच. आत जाऊन दार लावून घ्यायचा, दोन-चार मिनिटांत कपाट उघडायचा, आणि मग निवांत मासिक वाचत बसायचा. लगेच बाहेर आला तर लोकांना ते फार सोपं वाटेल ना. पंधरा-वीस मिनिटांनी कपाळावरचा घाम पुसत दार उघडायचा.

त्याला हे कपाट फोडण्यासाठी करायचं नव्हतं, कपाट फुटतं हे दाखवायचं होतं. पण इथे एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, आणि मला विचाराल तर अख्ख्या कहाणीतली सगळ्यात कडवट तीच. कामानिमित्त तो ओक रिजला गेला, जिथे बॉम्बसाठीचं युरेनियम तयार व्हायचं. तिथल्या एका कर्नलकडे मोठी, दोन दारांची, झोकदार मुठींची तिजोरी होती. फाईनमनने बघितलं तर कुलूप तेच. तिजोरी उघडी असताना त्याने आकडे काढले, आणि बंद झाल्यावर कर्नलसमोरच ती उघडून दाखवली. वर उपायही सांगितला: काम चालू असताना कपाटं उघडी ठेवू नका, इतकंच करा. कर्नलने गंभीरपणे मान हलवली.

पुढच्या खेपेला फाईनमन ओक रिजला गेला तर सगळे त्याला बघून दचकायला लागले. कर्नलने फर्मान काढलं होतं की मागच्या भेटीत फाईनमन ज्यांच्या ऑफिसात किंवा ऑफिसाजवळून गेला असेल त्यांनी आपल्या कुलपाचे आकडे बदलावेत. उघडी कपाटं उघडीच राहिली. धोका म्हणून नोंद झाली ती फाईनमनची.

आता लक्षात घ्या, या सगळ्या काळात लॉस अलामोसमध्ये खरोखरचा चोर होता. क्लाऊस फुक्स नावाचा अबोल शास्त्रज्ञ, जो बॉम्बची माहिती सोव्हिएत रशियाला पोहोचवत होता. त्याने एकही कुलूप उघडलं नाही. त्याला गरजच नव्हती, कागद त्याच्या हातात रीतसर यायचे. फुक्स आणि फाईनमनची चांगली ओळख होती. आपल्यापैकी हेर कोण असेल अशी थट्टा दोघांत एकदा झाली तेव्हा फाईनमनच संशयास्पद ठरला, कारण सारखा अल्बुकर्कीला जायचा तोच!

जून १९४५ मध्ये आर्लीनची तब्येत एकदम ढासळल्याचा फोन आला, तेव्हा फाईनमनने गाडी मागून घेतली ती याच फुक्सची. रस्त्यात टायर पंक्चर होत गेले. शेवटी गाडी वाटेत सोडून, दुसऱ्यांच्या गाडीला हात करून तो पोहोचला. काही तासांनी, १६ जूनला, आर्लीन गेली. तिच्या खोलीतलं घड्याळ तिच्या मृत्यूच्याच वेळेवर बंद पडलं होतं. दुसरा कुणी असता तर चमत्कार म्हणाला असता. फाईनमनला आठवलं की ते घड्याळ नाजूक होतं, त्याने ते अनेकदा दुरुस्त केलेलं, आणि मृत्यूची वेळ नोंदवायला नर्सने ते उचलून उजेडात धरलं असणार. त्या दिवशी तो रडला नाही. काही आठवड्यांनी एका दुकानाच्या काचेत सुंदर कपडे दिसले, हे आर्लीनला आवडले असते असं मनात आलं, आणि तेव्हा बांध फुटला.

महिन्याभराने, १६ जुलैला, ट्रिनिटीचा अणुस्फोट झाला. इतरांनी काळे चष्मे लावले होते, हा मात्र ट्रकच्या काचेआडून उघड्या डोळ्यांनी बघत होता. १९४६ मध्ये, आर्लीनला जाऊन सोळा महिने झाल्यावर, त्याने तिला एक पत्र लिहिलं आणि लिफाफ्यात बंद करून ठेवलं. अख्ख्या लॉस अलामोसची कपाटं उघडणाऱ्या माणसाचा तो लिफाफा त्याच्या हयातीत कुणी उघडला नाही.

युद्ध संपल्यावर कामासाठी तो पुन्हा एकदा लॉस अलामोसला आला. त्याला एक कागद हवा होता, लायब्ररी बंद. आठवलं की फ्रेडरिक डी हॉफमनकडे सगळ्या अहवालांच्या प्रती आहेत. नऊ कपाटं. प्लुटोनियम किती, कसं बनवायचं, बॉम्बची मापं काय, सगळं त्यात. हॉफमन जागेवर नव्हता आणि यावेळी याच्याकडे शेवटचे दोन आकडेही नव्हते.

त्याने सेक्रेटरीच्या टेबलाचा खण बघितला, कारण लोक आकडे कुठेतरी लिहून ठेवतातच. तिथे पाय या गणिती चिन्हाची किंमत लिहिलेली, नेमके सहा आकडे. सेक्रेटरीला पाय कशाला लागतोय? ३१-४१-५९ लावून बघितलं. नाही. उलटसुलट करून बघितलं, तरी नाही. निराश होऊन निघाला तेव्हा डोक्यात आलं की हॉफमन भौतिकशास्त्रज्ञ आहे, आणि पायच्या खालोखाल आपल्या लोकांचा लाडका आकडा म्हणजे ई, २.७१८२८. मागे फिरला. २७-१८-२८. खट्!

दुसऱ्या कपाटाला तेच आकडे. तिसऱ्यालाही तेच.

हवा तो कागद घेतला आणि तीन कपाटांत तीन चिठ्ठ्या ठेवल्या. पहिलीत स्वतःचं नाव, दुसरीत टवाळी, तिसरीखाली सही फक्त ‘तोच माणूस’ अशी. हॉफमनने नेमकं तिसरं कपाट आधी उघडलं. बॉम्बची सगळी गुपितं आणि त्यावर निनावी चिठ्ठी! माणसाचा चेहरा पिवळा-हिरवा पडतो म्हणतात ते फाईनमनने तेव्हा प्रत्यक्ष बघितलं. नावाची चिठ्ठी सापडल्यावर हॉफमनने त्याला चिडून मारायचं सोडून मिठीच मारली.

पण फाईनमनलाही एक गुरू भेटायचा होता. एका कॅप्टनने स्वतःसाठी अवाढव्य तिजोरी मागवली होती आणि तो नोकरी सोडून गेला. तिजोरी बंद. फाईनमनला कळायच्या आत तिथल्या कुलूपवाल्याने ती उघडलीसुद्धा. हा चाट पडला. शेवटचे आकडे माहीत नसताना, ड्रिल न करता, हे कसं? त्या माणसाशी ओळख वाढवण्यात त्याने कित्येक आठवडे घालवले. शेवटी एका रात्री तो कामगार बोलता झाला आणि कळलं की त्याला तिजोऱ्यांतलं काही येत नाही. उलट तोच फाईनमनला थोर तिजोरीफोड्या समजत होता. त्याने केलं एवढंच की कारखान्यातून कुलूप येतं तेव्हा त्यावर दोनपैकी एक ठरलेला क्रम असतो, २५-०-२५ किंवा ५०-२५-५०. कॅप्टनने तो बदललाच नसेल म्हणून लावून बघितला. आणि तिजोरी उघडली.

फाईनमनने मग ऑफिसाऑफिसातून हेच दोन क्रम लावत फेरी मारली. दर पाचातलं एक कपाट उघडत गेलं. घरचा वायफाय राऊटर आला तेव्हा त्यावरचा पासवर्ड आपण बदलला होता का, हे वाचता वाचता तुम्हालाही आठवत असेल.

पुढचं आयुष्य तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, म्हणून भरभर सांगतो. आधी कॉर्नेल, मग कॅलटेक. १९५० मध्ये फुक्स पकडला गेला आणि त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. १९६५ मध्ये फाईनमनला श्विंगर आणि टोमोनागा यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कुलपांचे हे सगळे किस्से १९८५ मध्ये त्याच्या आठवणींच्या पुस्तकात आले आणि ते पुस्तक तुफान खपलं.

जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान हवेत फुटलं, सात अंतराळवीर गेले. चौकशी समितीत कॅन्सरने पोखरलेल्या फाईनमनला घेतलं. त्याला संशय होता रॉकेटच्या जोडातल्या रबरी कड्यावर, की थंडीत ते ताठर होतं. समितीसमोर तक्ते आणि अहवालांचे ढीग लागले होते. ११ फेब्रुवारीच्या सकाळी हा वॉशिंग्टनच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेला. स्क्रूड्रायव्हर घेतला, पक्कड घेतली आणि त्यांच्याकडचा सगळ्यात छोटा क्लॅम्प घेतला. टीव्ही कॅमेऱ्यांसमोर त्याने रबराचा तुकडा त्या क्लॅम्पमध्ये आवळला, समोरच्या बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला, थोड्या वेळाने बाहेर काढून क्लॅम्प सैल केला. रबर दबलेलंच राहिलं.

दोन वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९८८ ला, लॉस एंजेलिसमध्ये फाईनमन गेला. आर्लीनला लिहिलेला तो लिफाफा त्यानंतर उघडला गेला. पत्राचा कागद चांगलाच झिजलेला होता.